तिसऱ्या रेघेची रुंदी

डोळे मिटा बरं. सगळ्यांनी. मागं बसून चुळबुळ करणाऱ्यांनीसुद्धा.

संक्रांतीचे दिवस आहेत आणि तुम्ही सोलापुरातल्या एका उंच गच्चीवर उभे आहात. कठडा तुमच्या कपाळापर्यंत येतो. खालचा रस्ता दिसत नाही, माणसं दिसत नाहीत. दिसतं ते एवढंच, की कठड्याच्या वर जत्रेच्या मिरवणुकीतल्या नंदीध्वजाच्या काठीचं टोक आलेलं आहे. खाली कुणीतरी तगडा गडी ती उंच काठी एकट्यानं पेलून उभा आहे. टोक जागच्या जागी स्थिर असेल तर तुम्ही काय म्हणाल? रस्ता मोकळा आहे. आणि तेच टोक इकडून तिकडं हात-हातभर डुलायला लागलं तर? खाली रेटारेटी चालली आहे, पेलणाऱ्याला चारी बाजूंनी धक्के बसताहेत. एकही माणूस न बघता तुम्हाला गर्दी कळली की नाही?

आता त्या टोकाचा फोटो काढा, पण कॅमेऱ्याचं झाकण मिनिटभर उघडंच ठेवून. गर्दी नसेल तर फोटोत काठीची बारीक रेघ उमटेल. गर्दी असेल तर जाड, धुरकट पट्टा उमटेल. पट्टा जितका जाड, तितकी खाली दाटी. आणखी एक गंमत ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. धक्का तोच असला तरी बुटक्या काठीचं टोक कमी डुलतं आणि उंच काठीचं जास्त.

उघडा डोळे. ही गच्ची रत्नाला शिवपुत्रनं नुसत्या बोलण्यातून दाखवली होती, एकोणीसशे एकोणऐंशीच्या जानेवारीत, एका सोमवारी. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, अशाच एका जाड पट्ट्यावरून रत्नानं आपल्या वडिलांशी भर दुकानात असं भांडण केलं की शेजारचा शिंपी मशीन थांबवून ऐकत बसला.

रत्ना तेव्हा सातवीत होती. तिच्या वडिलांचा, गुरुबसप्पांचा, म्हणजे अप्पांचा, भवानी पेठेत फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत दुकान, मधे डार्करूम आणि मागं घर. रत्ना तीन वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या. जीव वाचला, चेहऱ्यावर व्रण राहिले. कपाळावर, दोन्ही गालांवर, आणि एक बरोब्बर नाकाच्या शेंड्यावर. शाळेतल्या पोरी सुरुवातीला चिडवायच्या, मग त्यांना कंटाळा आला. रत्नाला व्रणांचा त्रास नव्हता. तिला राग होता तो फोटोंचा. घरात तिचे वीस-पंचवीस फोटो होते आणि त्यातल्या एकातही व्रण नव्हते.

कारण सोलापुरात रिटचिंग म्हटलं की गुरुबसप्पांचंच नाव निघायचं. हे रिटचिंग काय असतं ते सांगतो. फोटोच्या फिल्मवर, म्हणजे निगेटिव्हवर, सगळं उलटं असतं. काळं ते पारदर्शक आणि पांढरं ते काळं. चेहऱ्यावरच्या खड्ड्यात सावली असते, म्हणून निगेटिव्हवर तिथं पारदर्शक ठिपका येतो. त्या ठिपक्यात सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं हलकेच काळं भरलं, की छापलेल्या फोटोतून खड्डा गायब. डार्करूममध्ये अप्पांच्या टेबलावर तिरकी दुधी काच होती, खाली आरसा होता आणि वर भिंग. तिथं बसून ते अक्कलकोट-दुधनीकडच्या नवऱ्यामुलींचे तीळ, मुरमं, भाजल्याच्या खुणा, सगळं नाहीसं करायचे. दुकानाचा एक रिवाज होता. अप्पांच्या टेबलावरून गेल्याशिवाय कुठलीही निगेटिव्ह छपाईला जायची नाही. गिऱ्हाइकाला विचारायची पद्धत नव्हती. न्हाव्याकडं गेल्यावर दाढी करू का म्हणून कुणी विचारतं का?

आणि या रिवाजानंच त्या महिन्यात रत्नाचा घात केला होता. ती शिष्यवृत्तीच्या परीक्षेला गेली, तेव्हा ओळखपत्रावरचा फोटो हातात धरून पर्यवेक्षकांनी तिच्याकडं पाहिलं. एकदा फोटोकडं, एकदा तिच्याकडं.

"ही कोण?" ते म्हणाले.

"मीच."

"तू? ही मुलगी वेगळी आहे. दुसरीच्या नावावर परीक्षेला बसतेस? ऊठ."

चाळीस मिनिटं ती व्हरांड्यात उभी होती. शेवटी तिच्या शाळेच्या बाई आल्या, त्यांनी ओळख पटवली, तोवर गणिताचा पेपर निम्मा संपला होता. बाईंनी भांडून तिला पुन्हा बसायची परवानगी मिळवली. नवा फॉर्म, नवा फोटो, शनिवारपर्यंत. घरी रत्नानं एवढंच सांगितलं की फोटो खराब झाला, दुसरा पाहिजे. खरं कारण तिनं सांगितलं नाही.

अशात सोमवारी शिवपुत्र आला. हा दुधनीचा. कॉलेजला असताना चार वर्षं अप्पांच्या माडीवरच्या खोलीत राहिलेला, म्हणून रत्ना त्याला अण्णा म्हणायची. आता तो परदेशात एका मोठ्या प्रयोगशाळेत होता आणि बहिणीच्या लग्नाला आला होता. अप्पा त्या दिवशी फोटो काढायला बाहेरगावी गेले होते.

"रत्ना, एक संकट आहे," शिवपुत्र म्हणाला. "माझी बॅग विमानवाल्यांनी भलत्याच गावी पाठवली. सगळे फोटो तिच्यात. मूळ फिल्मवरून काढलेली ही एवढी एक निगेटिव्ह कोटाच्या खिशात होती म्हणून वाचली. शुक्रवारी मुंबईत शास्त्रज्ञांची सभा आहे, तिथं मला हिचे सहा फोटो दाखवायचे आहेत."

रत्नानं निगेटिव्ह उजेडात धरली. काळ्या फिल्मवर तीन उभ्या पारदर्शक रेघा. बस्स.

"हा कशाचा फोटो?"

"एका मण्याचा. काचेचा पोकळ मणी, खसखशीच्या दाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. आत वायू भरलेला. त्याच्यावर चहूबाजूंनी लेसरचा उजेड सोडायचा. मणी आतल्या आत चेपतो, वायू पाण्याइतका दाट होतो आणि इतका तापतो की अणूंचे तुकडे पडतात. त्याला म्हणायचं प्लाझ्मा. सूर्याच्या पोटात असंच असतं. तिथं अणू एकमेकांत मिसळून उष्णता देतात, म्हणून तर आपल्याला ऊन मिळतं. तसा चिमुकला सूर्य माणसाच्या हातानं पेटवायचा, एवढं आमचं काम."

"पेटला?"

"अजून नाही. दाटी पुरत नाही. म्हणून तर आधी मोजायचं असतं की आत दाटी किती झाली."

"आत बोट घालून बघायचं."

"बोटाची वाफ होईल. आणि सगळा खेळ एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात संपतो. तू बोट उचलशील तोवर मणी नाहीसा."

मग त्यानं तिला गच्चीची गोष्ट सांगितली. वायूत थोडा आर्गॉन मिसळलेला असतो. त्याच्या अणूजवळ अठरा इलेक्ट्रॉन, पण त्या भट्टीत बहुतेक सगळे उडून जातात, एखादा उरतो. तो वरच्या पायरीवरून खाली उडी मारतो, तेव्हा क्ष-किरण निघतो. प्रत्येक उडीचा किरण ठरलेला. स्फटिकावरून ते किरण वेगवेगळे करून फिल्मवर घेतले की प्रत्येक उडीची एकेक काळी रेघ उमटते, आणि तिच्या निगेटिव्हवर ती पारदर्शक दिसते. अणूला शेजारी नसतील तर रेघ बारीक. पण दाटीत शेजारचे विजेचे कण त्याला ढकलतात, ओढतात, त्याच्या पायऱ्या हलवतात. कुणाची इकडं, कुणाची तिकडं. अशा असंख्य अणूंचे किरण एकाच फिल्मवर पडले की रेघ पसरते.

"म्हणजे काठीचं टोक डुललं," रत्ना म्हणाली.

"शाब्बास! आणि इलेक्ट्रॉन जितक्या वरच्या पायरीवरून उडी मारेल, तितकी त्याची काठी उंच. म्हणून ही पहिली रेघ बारीक, दुसरी जाड, तिसरी त्याहून जाड. तिघींच्या रुंदीवरून दाटी कळते."

"मग तिसरी आणखी जाड असती तर तुझं काम आणखी चांगलं झालं असतं?"

"खोटी जाड असती तर वाईटच. थोडा जाडपणा तर मण्याच्या स्वतःच्या आकारामुळंही येतो. तो मी मोजून वजा करतो. रेघ जेवढी आहे तेवढीच दिसली पाहिजे. उद्या कुणी ती जाड केली काय आणि बारीक केली काय, दोन्ही लबाडीच."

दोघांनी निगेटिव्ह एन्लार्जरला लावली आणि तिची मोठी प्रतिमा खाली पांढऱ्या कागदावर पाडली. रत्नानं पट्टी घेतली, पण रेघांच्या कडा धुरकट होत्या.

"कुठनं मोजू?"

"मधे उजेड पुरा आहे ना? बाजूला जिथं तो निम्मा वाटतो, तिथं खूण कर. दोन्हीकडं. मधलं अंतर ती रुंदी."

रत्नानं खुणा केल्या. चार मिलिमीटर, सात, अकरा. कागद घडी घालून तिनं कंपासपेटीत ठेवला. शिवपुत्रनं निगेटिव्ह पाकिटात घातली, वर लिहिलं, 'सहा प्रती, दहा बाय बारा', आणि पाकीट अप्पांच्या टेबलावर ठेवून तो दुधनीला गेला. गुरुवारी दुपारी येऊन फोटो घ्यायचे आणि तसंच स्टेशन गाठायचं, असं ठरलं.

त्या दोघांची चूक आली का ध्यानात? पाकीट ठेवलं ते कुठल्या टेबलावर!

गुरुवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा दुकानासमोर टांगा उभा होता. शिवपुत्र चहा संपवत होता. अप्पांनी जाड तपकिरी पाकिटाला दोरा बांधून ते त्याच्या हातात दिलं होतं.

"आता उघडू नको. मधे बटर पेपर घातलाय. मुंबईत थेट त्या साहेबांच्या म्होरं उघड. बघत ऱ्हातील."

"काका, लई उपकार झाले."

रत्ना दप्तर ठेवायला आत निघाली. वाटेत डार्करूमचं दार उघडं होतं. दोरीला चिमट्यानं एक अरुंद पट्टी लटकली होती. छपाईआधी अप्पा नेहमी अशी एक पट्टी छापून बघायचे. रत्नानं सहज पाहिलं आणि ती जागच्या जागी थबकली. पांढऱ्या कागदावर तीन काळ्या रेघा होत्या. कातरल्यासारख्या स्वच्छ. आणि तिन्ही सारख्या.

तिनं कंपासपेटीतली मोजपट्टी लावली. चार. चार. चार.

एकदम सगळं तिला कळलं. रिटचिंगच्या टेबलाजवळ पेन्सिलीचा भुगा पडला होता. अप्पांनी रेघांच्या धुरकट कडा भरून टाकल्या होत्या, दोन्ही बाजूंनी, केसागणिक, तासन् तास बसून. तिच्या गालांवरचे खड्डे भरायचे, अगदी तसंच.

पुढच्या खोलीत शिवपुत्र उठल्याचा आवाज आला. टांगेवाल्यानं हाक मारली. बोलावं, तर अप्पांचा गिऱ्हाइकासमोर अपमान. गप्प बसावं, तर उद्या मुंबईत अण्णाचाच फोटो त्याला खोटं पाडणार. रत्ना छापलेली पट्टी हातात घेऊन पुढं आली.

"अण्णा, पाकीट उघड."

"रत्ना, त्याला उशीर हुतोय," अप्पा म्हणाले.

"पाकीट उघड, अण्णा. फोटो खोटे हायत."

अप्पांच्या कपाळावरची शीर टरारली. "काय म्हणालीस?"

रत्नानं पट्टी आणि कंपासपेटीतला कागद शेजारी शेजारी काउंटरवर ठेवला. शिवपुत्रनं पाहिलं. दोरा सोडायला वेळ न घालवता त्यानं पाकीट फाडलं. सहाच्या सहा फोटो. सुंदर, झळझळीत, आणि तिन्ही रेघा एकसारख्या, शाळेच्या रांगेत उभ्या केलेल्या पोरांसारख्या.

"काका," तो अगदी हळू म्हणाला, "हे काय केलंत?"

"काय केलं? नीट केलं. कडा सगळ्या धुरकट हुत्या. म्हटलं पोरगा एवढ्या लांबनं आलाय, मोठ्या माणसांत जाणार, त्याची अब्रू जायला नको. काल सकाळधरनं बसलोय त्याच्यावर. डोळं लाल झालं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? बावीस वर्षं झाली. एक तरी गिऱ्हाईक परत आलं का, की बाबा माझा तीळ का काढला म्हणून?"

"मी आलोय!" शिवपुत्रचा आवाज चढला. "उद्या तिथं एकजण उठून म्हणणार आहे की तुमचा मणी चेपलाच नाही, तुम्ही नुसत्या बाता मारता. तीन वर्षं मी ज्या रेघेच्या मागं आहे ती मी त्याच्यासमोर ठेवणार होतो. आणि तुम्ही तिलाच सोलून ठेवलंत! हा फोटो बघून तर तो म्हणेल, घ्या, यांचा स्वतःचा पुरावाच सांगतो आत दाटी नव्हती. नाही, तेही नाही म्हणणार. तिन्ही रेघा सारख्या! तो म्हणेल, हा माणूस लबाड आहे."

"मग तुझ्या मशीनचा फोकस सुधार की! धुरकट फोटो माझ्या दुकानातनं भाईर जात न्हाई."

"धुरकट न्हाई अप्पा ते!" रत्ना ओरडली. "ती गर्दी हाय! आतली गर्दी! तुमी ती पुसली!"

"सुम्म इर!" अप्पा गरजले. राग अनावर झाला की त्यांची मराठी संपायची आणि कानडी सुरू व्हायची. गप्प बस, एवढाच त्याचा अर्थ, पण शेजारच्या शिंप्याचं मशीन थांबलं ते तेव्हा. "माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकाम्होरं मला शिकवतीस? तुझा काय संबंध?"

"माझाच संबंध हाय." रत्नाचा आवाज आता चढला नव्हता. तो बारीक आणि कडक झाला होता, ताणलेल्या तारेसारखा. "फोटो खराब झाला नव्हता अप्पा. परीक्षेत मला वर्गातनं उठवलं. फोटो बघून सायेब म्हणाले, ही तू न्हवंस. चाळीस मिनिटं व्हरांड्यात उभं केलं. चोरासारखं. सगळ्या पोरी खिडकीतनं बघत हुत्या. मी सांगत हुते मीच हाय, मीच हाय, आणि माझाच फोटो म्हणत हुता, न्हाई."

अप्पांनी समोरचा एक फोटो काउंटरवर पालथा घातला.

"मी वाईट दिसू नये म्हणून केलंत? मला कवा इचारलंत? अण्णाला न्हाई इचारलं, मला न्हाई इचारलं. दिसला खड्डा की भर पेन्सिल!"

"रत्ना—" शिवपुत्र म्हणाला.

"तू थांब अण्णा."

अप्पा काउंटरला टेकले. ते बोटांवरची काळी पूड अंगठ्यानं चोळू लागले. मग बोलले ते काउंटरशी, कुणाकडं न बघता.

"देवी टोचणारा माणूस दारात आला हुता. गड्ड्याच्या जत्रंचे दिवस. जत्रंतल्या फोटोंची ही गर्दी, श्वास घ्यायला फुरसत न्हाई. म्हटलं, बाबा, उद्या ये. उद्या तो आला न्हाई. आठ दिवसांत तुला ताप भरला." ते थांबले. "ते व्रण तुझे न्हाईत पोरी. माझे हायत."

शिवपुत्रनं मान खाली घातली. रत्नाचा राग काही हलला नाही. दहा वर्षं आपल्याला कुणी हे सांगितलं नाही, हा उलट नवाच राग आला.

"तुमचे हायत तर तुमच्या फोटोवर काढा की," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर खोटं कशाला?"

बाहेर टांगेवाला पुन्हा ओरडला, "अवो सायेब, गाडी जाईल!"

"जाऊ दे टांगा," शिवपुत्र तुटकपणे म्हणाला. "गाडी गेली तरी चालेल. हे फोटो घेऊन जाण्यापेक्षा मी न गेलेलाच बरा."

तेव्हा अप्पा काउंटर सोडून डार्करूममध्ये गेले. त्यांनी फळीवरची टर्पेंटाइनची बाटली काढली, कापसाचा बोळा केला, निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवली आणि या दोघांकडं पाठ केली. रिटचिंगची पेन्सिल फिल्मवर थेट बसत नाही. आधी एक चिकट थर लावतात, त्याच्यावर ती बसते, आणि टर्पेंटाइननं दोन्ही निघून जातं. चाकूनं खरवडलं असतं तर रेघ कायमची गेली असती. नशीब, की पारदर्शक जागा भरायला पेन्सिलच लागते.

बोळा काळा झाला. दुसरा घेतला. एका दिवसाची कारागिरी दोन मिनिटांत कापसावर आली.

"घे," ते म्हणाले. "मोज तूच. न्हाईतर पुन्हा म्हणशील."

रत्नानं निगेटिव्ह एन्लार्जरला लावली, सोमवारच्याच उंचीवर. कागद ठेवला. उजेड निम्मा वाटला तिथं खुणा केल्या. तिनं घाई केली नाही. शिवपुत्र दारात उभा राहून आपलं मनगट आवळत होता.

चार. सात. अकरा.

"अकरा, अण्णा," ती म्हणाली. "तिसरी अकरा."

त्यानं डोळे मिटून घेतले.

मग तिघं कामाला लागले. लाल दिव्याखाली रत्नानं कागद लावले, अप्पांनी ते डेव्हलपरमधून काढून चित्र पक्कं करणाऱ्या हायपोमध्ये सोडले, शिवपुत्रनं धुतले. सहा फोटो झाले. वाळवायला वेळ नव्हता. दोन सोलापुरी टॉवेलांच्या घड्यांत ओले फोटो घालून शिवपुत्र टांग्याकडं पळाला. टांगेवाला शिव्या देत का होईना, थांबला होता.

"पत्र टाक," अप्पा पायरीवरून म्हणाले. चुकलो, असं त्यांनी म्हटलं नाही. शिवपुत्रनंही जाऊ द्या काका, असं म्हटलं नाही. त्यानं नुसती मान हलवली. त्याचा राग अजून उतरला नव्हता, आणि का उतरावा? टांगा वळला.

अप्पा दुकानात आले आणि काउंटरवरचे ते सहा सुंदर फोटो एकेक करून फाडू लागले. रत्ना आत गेली.

घराच्या फळीवर तिचा फॉर्म होता. त्याच्यावर अप्पांनी आदल्या दिवशीच नवा फोटो कातरून ठेवला होता. नवा कसला, जुन्याच निगेटिव्हवरून पुन्हा छापलेला. सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत चेहरा. नाकाच्या शेंड्यावर काही नाही. डोळे रत्नाचे, वेण्या रत्नाच्या, आणि मधली मुलगी कोण होती कुणास ठाऊक. शनिवारला दोन दिवस उरले होते. हा फोटो चिकटवला तर पुन्हा तोच व्हरांडा.

ती डार्करूममध्ये आली. भिंतीला लागून निगेटिव्हची लाकडी पेटी होती, नावांप्रमाणं लावलेली. घरच्या माणसांचा कप्पा सगळ्यात मागं. त्यातून तिनं स्वतःची निगेटिव्ह काढली आणि तिरक्या काचेवर ठेवली. भिंगाखाली पाहिलं. काळपट गालांवरच्या पारदर्शक ठिपक्यांत पेन्सिलीचे बारीक बारीक फटकारे, शेकडो, एकावर एक. किती जपून भरले होते! तिला एक क्षण कौतुक वाटलं आणि त्या कौतुकाचाही राग आला.

टर्पेंटाइनची बाटली अजून उघडीच होती.

"रत्ना?" पुढच्या खोलीतून अप्पांची हाक आली. कागद फाडायचा आवाज थांबला होता. "आत काय करतीस?"

रत्नानं कापसाचा नवा बोळा घेतला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पिळला, आणि कपाळापासून सुरुवात केली. मग डावा गाल. मग उजवा. नाकाच्या शेंड्यावरून बोळा दोनदा फिरवला. निगेटिव्ह एन्लार्जरला लावली, दार लोटून घेतलं, कागद ठेवला, आणि दिवा लावून मोठ्यानं, दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, छपाईचे सेकंद मोजायला सुरुवात केली.